खुर्ची हाताची की बॅटरीची?

व्हीलचेअर निवडताना तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: बसणाऱ्याचे हात, रोजचा रस्ता आणि दुरुस्तीची सोय. किमतीचा विचार त्यानंतर. आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगुसारख्या काळ्या मातीच्या, कपाशीच्या भागात हा क्रम चुकला, तर महागडी खुर्चीही पडवीत पडून राहते.

हाताने चालवायची घडीची खुर्ची साधारण 15 ते 20 किलोंची असते. ती ऑटोत टाकून आदिलाबादच्या ‘रिम्स’ रुग्णालयापर्यंत नेता येते आणि हवेच्या टायरचे पंक्चर सायकल दुरुस्त करणाराही काढतो. मात्र वर्षानुवर्षे चाके ढकलून खांदे दुखू लागतात. खुर्ची मापाची नसेल तर हा त्रास वाढतो. बैठक फार रुंद नसावी आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा सुटावी. मणक्याच्या इजेमुळे संवेदना गेल्या असतील, तर जखम होत असल्याचे कळत नाही. म्हणून दाब विभागणारी गादी दोन्ही प्रकारांत आवश्यक.

हातांत बळ नसेल किंवा श्वास लवकर लागत असेल, तर इलेक्ट्रिक खुर्ची स्वातंत्र्य देते. पण बहुतेक खुर्च्या 25 किलोंपेक्षा जड असतात, काही तर दुप्पट-तिप्पट. त्या उंबरठ्यावरून उचलणे एकट्याचे काम नाही. चढ आणि चिखलात बॅटरी लवकर उतरते, पावसाळ्यात लहान चाके रुततात. बॅटरी संपल्यास खटका फिरवून मोटर सोडवता येते व खुर्ची ढकलता येते. उतारावर मात्र तसे करू नये, कारण तेव्हा ब्रेकही सुटतो.

तिसरा मार्गही आहे. आयआयटी मद्रासने 2021 मध्ये आणलेले ‘निओबोल्ट’ हे मोटरचे जोडसाधन त्यासाठीच्या खास हाताच्या खुर्चीला लावता येते. घरात खुर्ची, रस्त्यावर वाहन. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र दिव्यांगांना कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीची साधने मिळतात. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा.

खरेदीआधी दारांची रुंदी मोजावी. ओटा एक फूट उंच असेल, तर उतार बारा फूट लांब लागतो. खुर्ची दुकानातल्या फरशीवर नव्हे, आपल्या अंगणात आणि गल्लीत चालवून पाहावी. हात चालत असतील तर मापाची साधी खुर्ची आधी घ्यावी. इलेक्ट्रिक घेतली, तरी साधी खुर्ची विकू नये.