प्रायश्चित्तकाळ आणि ऋणमुक्ती



‘ऋण काढून सण करणे’ ही म्हण तुम्ही आपल्या वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेलच. सण चार घटकांत संपतो, परंतु त्याकरिता काढलेले ऋण पुढील सणापर्यंत उंबरठ्यावर बसून राहते. या रीतीच्या अगदी उलट अशी एक चाल ख्रिस्ती मंडळीत प्राचीन काळापासून चालत आली आहे. ईस्टरचा मोठा सण येण्यापूर्वी खर्च वाढवावयाचा नाही, तर तो कमी करावयाचा. या काळास लेंट अथवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत शेहेचाळीस दिवस होतात; त्यांतून सहा रविवार वजा केले म्हणजे चाळीस उरतात. प्रभू येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण होय. आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांपैकी कोणाच्या घरी चातुर्मास पाळतात, कोणाच्या घरी रमजान. तेव्हा संयमाचा हा विषय कोणासही परका वाटावयाचा नाही.

आता एक प्रश्न विचारू. उपवासाने जो पैसा वाचतो तो जातो कोठे? एखाद्याने चाळीस दिवस चहा सोडला आणि ईस्टरच्या दिवशी तेवढ्याच पैशांची मिठाई आणली, तर त्याने त्याग केला असे म्हणता येईल काय? त्याने खर्च केवळ पुढे ढकलला. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नावा अध्याय काढून वाचा. मान खाली घालून राखेत बसणाऱ्या उपवासापेक्षा दीनाचे जोखड मोडणारा उपवास देवास प्रिय आहे, असा त्याचा आशय आहे. आणि कर्जाएवढे जड जोखड आपल्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांच्या मानेवर दुसरे कोणते आहे?

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका विधवेची कथा आहे. धनको तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धावली. घरात एका भांड्यातील थोड्याशा तेलावाचून काही नव्हते. शेजाऱ्यांची रिकामी भांडी मागून आणावी व त्यांत ते तेल ओतावे, असे त्याने तिला सांगितले, आणि सर्व भांडी भरली. येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते. परंतु पुढील आज्ञा फार थोड्यांच्या ध्यानात राहते. तेल विकून प्रथम ऋण फेड, आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा, असा तिचा क्रम आहे. देवाच्या कृपेने मिळालेल्या द्रव्यावरही पहिला हक्क धनकोचा ठरला. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठी भाषांतरकारांनी ‘ऋण’ हाच शब्द योजिला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

हा विचार आपल्या दिवेआगरास लावून पाहू. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. वाडवडिलांनी लावलेली झाडे गेली, घरांवरील कौले व पत्रे गेले. नवे रोप लावल्यापासून सुपारी हाती यावयास साधारणतः पाच ते आठ वर्षे लागतात. माडासही तितकीच वाट पाहावी लागते. परंतु व्याज झाड वाढण्याची वाट पाहात नाही. पोफळ सावकाश वाढते, व्याज रोज वाढते. ज्या बागाइतदाराने अशा वेळी छपरासाठी वा रोपांसाठी कर्ज काढले, त्यास उधळ्या म्हणणे हा घोर अन्याय होय.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, कर्जबाजारी मनुष्य म्हणजे चैनी मनुष्य, अशी समजूत फार जुनी आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशननेदेखील लग्नकार्यांच्या खर्चास कर्जाचे मूळ कारण मानले नाही. तेव्हा शेजाऱ्याचे कर्ज पाहून नाक मुरडू नये. आपल्या शेजारचे श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव. परंतु पहिले बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून कर्जाच्या जाचाचे रडगाणे गातात, आणि थोरले माधवराव १७७२ साली मृत्युशय्येवर असता आपल्या अखेरच्या कलमांत कर्जफेडीची तजवीज करून ठेवितात. जे राज्याच्या धन्यास चुकले नाही, ते वाडीच्या धन्यास कसे चुकावे?

मग कर्ज जर चैनीने झाले नाही, तर काटकसरीने ते कसे फिटणार? याचे उत्तर गणिताच्या वहीत आहे. समजा, एका कुटुंबास २०,००० रुपयांचे देणे आहे व व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. म्हणजे महिन्यास ४०० रुपये नुसते व्याज. वर्षात ४,८०० रुपये भरूनही मुद्दल जागचे हालत नाही. आता घरातील सर्वांनी मिळून लेंटमध्ये रोज ६० रुपयांचा अनावश्यक खर्च टाळला. चाळीस दिवसांत २,४०० रुपये जमले आणि ते मुद्दलात भरले. मुद्दल १७,६०० उरले, व्याज ३५२ झाले. महिन्यास ४८ रुपये, म्हणजे वर्षास ५७६ रुपये वाचले. पण खरा लाभ पुढेच आहे. ईस्टरनंतरही तीच सवय राखून व्याजापोटी जाणारे ४०० आणि वाचविलेले १,८०० असे २,२०० रुपये दरमहा भरीत गेल्यास नवव्या महिन्यात ते कर्ज संपूर्ण फिटते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. चाळीस दिवसांनी कर्ज फिटत नाही, परंतु कर्ज फेडणारे घर तयार होते.

अनावश्यक खर्च कोणता, हे मात्र विवेकाने ठरवावे. रोपांचे खत, आजाऱ्याचे औषध, मुलांची पुस्तके, लहानग्यांचे दूध यांस हात लावू नये; ते कापणे म्हणजे फांदीवर बसून फांदी तोडणे होय. तंबाखू, विडी, रोजचा बाहेरचा फराळ, बाटलीतील गोड पाणी, मोबाईलवरील करमणुकीचे पैसे, आणि शेजाऱ्याने केले म्हणून करावयाचा थाट यांची यादी आधी करावी. लेंट बहुधा शिमग्याच्या व लग्नसराईच्या सुमारास येतो, त्यामुळे या शेवटच्या खर्चाचा मोह त्या दिवसांत अधिकच असतो. जे टाळले ते त्याच रात्री वहीत लिहावे आणि तेवढे पैसे निराळ्या डब्यात टाकावे. शके ९८२ मधील ताम्रपट ज्या दिवेआगरास सापडला, त्या गावास लिहून ठेवण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु कित्येक कर्जे एकट्या घरास न पेलणारी असतात. तेथे समाजाने खांदा दिला पाहिजे. वसईस मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ साली गरीब शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ एक सहकारी पतपेढी स्थापन केली. तीच वाढत वाढत आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० सालापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूस काढीत आल्या, आणि त्या मुठींतून मंडळीची मोठमोठी कामे उभी राहिली. थेंबे थेंबे तळे साचते, परंतु थेंब एकाच तळ्यात पडले पाहिजेत. ज्या घरास देणे नाही, त्या घराने आपली लेंटमधील बचत अडलेल्या शेजाऱ्याच्या हप्त्यास द्यावी. आणि तीही अशा रीतीने, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. इस्लामी जकातीच्या हक्कदारांतही ऋणग्रस्तांची गणना केलेली आहे. तेव्हा या कामी धर्माधर्मांत भेद नाही. अडचणीत सापडलेल्याने मात्र बिनपरवाना सावकाराच्या दारी जाऊ नये. असा धंदा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

आईबापांस एक विनंती. घरावरील देणे मुलांपासून चोरून ठेवू नका. त्यांना भय घालू नका, पण हिशेबास शेजारी बसवा. विधवेच्या कथेत भांडी आईच्या हाती आणून देणारे तिचे मुलगेच होते, हे विसरू नये.

आणि मुलांनो, तुमच्या वाट्यास काय आले? ईस्टरला, दिवाळीला अथवा ईदेला नवा पोशाख हवाच म्हणून हट्ट धरू नका. तुमच्या न मागितलेल्या एका सदऱ्याने वडिलांचा एक हप्ता वेळेवर जाईल. तो सदरा कोणास दिसणार नाही. परंतु ज्या दिवशी कर्जाचा शेवटचा रुपया फिटून कागद घरी परत येईल, त्या दिवशी वडिलांच्या मुखावर जे समाधान दिसेल, त्यात तुमचाही वाटा असेल. त्या घरी तोच खरा ईस्टर होय.