जुनी जीप, चिखलाची वाट आणि डिफरन्शियल लॉकरची निवड

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आपल्या परिसराचा अर्वाचीन इतिहास यंत्रांना वगळून लिहिता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे आश्रयस्थान झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. त्याच महायुद्धाने जगाला जीप दिली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातील जुन्या जीप, तसेच १९८५ पासून बाजारात आलेली मारुती जिप्सी, आजही बारवी धरण, मलंगगडाचा पायथा आणि मुरबाडकडील वाटांवर दिसतात. कोणाची ती हौस असते, तर कोणाची ती पाड्यावर धान्य, माणसे व प्रसंगी रुग्ण पोहोचविणारी गाडी असते.

पावसाळ्यात अशी गाडी रुतली की ‘लॉकर बसवून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या हाती आज पाना आहे, तर काहींच्या दारात अशी गाडी उभी आहे. म्हणून या विषयाचा पायापासून अभ्यास करणे आम्हांस उचित वाटते. चुकीची निवड केवळ पैसे वाया घालवीत नाही. ती प्रवाशांच्या जिवाशी खेळते.

डिफरन्शियलचे कार्य

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.३ मीटर धरले, तर एका पूर्ण वर्तुळात बाहेरचे चाक सुमारे ८.२ मीटर अधिक धावते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसविली, तर प्रत्येक वळणावर एखादे चाक फरपटत जाईल. ही अडचण दूर करणारी दातेरी चाकांची रचना फ्रेंच घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी केली. तीच आजची डिफरन्शियल होय.

तिचा एक गुण असा की ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. दुसरा गुण असा की ती दोन्ही चाकांना जवळजवळ समान पीळबल देते. रस्त्यावर हे उपकारक असते; चिखलात मात्र तेच बाधक ठरते. समजा, चिखलातील चाक १०० एककांपेक्षा अधिक बल पेलू शकत नाही. मग कोरड्या जमिनीवरील चाकालाही १०० एककेच मिळतात, जरी त्याची क्षमता ९०० एककांची असली तरी. एकूण २०० एककांत गाडी हलत नाही आणि चिखलातील चाक नुसते गरगरत राहते. दोन्ही चाके एकत्र बांधली, तर त्याच जागी १,००० एकके उपयोगात येतात. लॉकरचे सारे शास्त्र या हिशेबात सामावले आहे.

‘फोर बाय फोर’ गाडीची चारही चाके नेहमी ओढतात, हा समज बरोबर नाही. जुन्या गाड्यांत ट्रान्स्फर केस पुढील व मागील धुरा एकमेकींशी जोडते, परंतु प्रत्येक धुरेत साधी डिफरन्शियलच असते. खड्ड्यात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी झाले, की चार चाकांची गाडीही जागीच अडते.

लॉकरचे प्रकार

पहिला उपाय अगदी स्वस्त असतो. काही कारागीर डिफरन्शियलमधील लहान गिअर वेल्डिंग करून कायमचे जोडून देतात. ज्या गाडीला डांबरी रस्त्यावर यावे लागते, तिच्यासाठी हा उपाय आम्ही सर्वथा त्याज्य मानतो. वळणावर टायर घासतात, शाफ्टवर ताण येतो आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरतो.

दुसरा प्रकार लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. यात क्लचच्या चकत्यांचे घर्षण चाकांच्या गतीतील फरकाला विरोध करते. निसरड्या रस्त्यावर हा सौम्य व उपयुक्त असतो, परंतु एक चाक हवेत लटकले की अपुरा पडतो. चकत्या झिजतात आणि त्यांना विशिष्ट तेल लागते. त्यामुळे जुन्या गाडीत ही व्यवस्था नावापुरतीच उरलेली असू शकते.

तिसरा प्रकार आपोआप काम करणारा लॉकर. याच्या एका जातीत इंजिनाचा जोर असेपर्यंत दोन्ही चाके बांधलेली राहतात आणि वळणावर बाहेरचे चाक पुढे धावू लागले की ते सुटते. त्या वेळी खटखट आवाज येतो. आखूड बांध्याच्या जीपमध्ये ओल्या डांबरावर अशा लॉकरमुळे गाडी अचानक बाजूला ओढली जाऊ शकते. दोन्ही बाजूंचे टायर सारख्या मापाचे व सारखे झिजलेले नसतील, तर हा त्रास वाढतो. दुसरी जात २०१५ च्या महिंद्र थारमध्ये कंपनीनेच मागील धुरेत दिली. ईटन कंपनीच्या या रचनेत एरवी डिफरन्शियल मोकळी असते. एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे १०० फेरे अधिक फिरू लागले की ती बंद होते. गाडीचा वेग वाढल्यावर ती बंद होत नाही.

चौथा प्रकार चालकाच्या इच्छेने चालणारा लॉकर. हा हवेच्या दाबाने, विजेने अथवा केबलने लागतो. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचा हवेचा लॉकर या वर्गातील प्रसिद्ध नमुना आहे. बटण बंद असताना गाडी पूर्वीसारखीच चालते. दाबल्यावर दोन्ही चाके पूर्णपणे एक होतात. आपल्या भागातील अनेक ट्रॅक्टरांत टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. भातखाचरात ते कधी दाबावे आणि वळताना कधी सोडावे, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. तत्त्व तेच आहे.

जुन्या गाडीची परीक्षा

साधी डिफरन्शियल नकळत धुरेचे रक्षणही करीत असते, कारण एका शाफ्टवर निम्म्याहून फारसे अधिक बल येत नाही. लॉकर लावल्यावर धुरेचे जवळजवळ सर्व बल एकाच शाफ्टवर येऊ शकते. चाळीस वर्षे वापरलेल्या शाफ्टच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. म्हणून आधी धुरा उघडून पाहावी. शाफ्टचे दाते पिळलेले आहेत काय, बेअरिंग ढिले आहे काय, तेलात धातूचा चुरा आहे काय, हे तपासावे. ज्या जुन्या जीपमध्ये मागील हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसविलेला असतो, तेथे ती चावी व तिची खाच अवश्य पाहावी.

त्यानंतर क्राउन व पिनियनचे दात मोजावेत. युद्धकालीन विलिस जीपमध्ये हे प्रमाण ३९ ला ८, म्हणजे सुमारे ४.८८ होते, नंतरच्या नागरी विलिस जीपमध्ये ४३ ला ८, म्हणजे सुमारे ५.३८. बाहेरून सारखी दिसणारी धुरा आतून वेगळी असू शकते. प्रमाण, शाफ्टच्या दात्यांची संख्या आणि धुरेची जात लिहून घेतल्याविना लॉकर मागवू नये. तो बसविताना क्राउन-पिनियनची जुळणी नव्याने करावी लागते. ती अचूक मोजमाप करणाऱ्या कारागिराकडेच सोपवावी. गाडीत बदल करण्यापूर्वी कल्याणच्या आरटीओ कार्यालयात नियमांची चौकशी करणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

निवडीचा क्रम

आमच्या मते प्रथम चांगले टायर घ्यावेत आणि कच्च्या वाटेवर त्यांतील हवा थोडी कमी करण्याची सवय लावावी. ओढण्याचा मजबूत दोर सोबत ठेवावा. एक चाक गरगरत असेल, तर ॲक्सिलरेटर सांभाळून पायाचा ब्रेक हलकेच दाबावा. दुसऱ्या चाकाकडे थोडे बल जाते. विलिस घडणीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागील शाफ्टवर असतो, त्यामुळे त्याचा येथे उपयोग होत नाही.

एवढे करूनही गाडी वारंवार अडत असेल, तर लॉकर घ्यावा आणि तो प्रथम मागील धुरेत बसवावा. चढावर गाडीचे वजन मागे जाते. उलट पुढील लॉकरमुळे स्टिअरिंग जड होते आणि पुढील सांध्यांवर ताण येतो. जी गाडी आठवडाभर डांबरावर माणसे वाहते आणि अधूनमधून चिखलात उतरते, तिला चालकाच्या इच्छेने चालणारा लॉकरच योग्य होय. त्याचा खर्च अधिक आहे हे मान्य. परंतु त्याचा कॉम्प्रेसर टायरमध्ये पुन्हा हवा भरण्याच्या कामी येऊ शकतो. केवळ कच्च्या वाटेवर राबणाऱ्या गाडीला आपोआप चालणारा लॉकर चालू शकेल. पैसे अपुरे असतील, तर थांबावे. वेल्डिंगकडे वळू नये.

लॉकर अडथळ्यापूर्वीच, कमी वेगात लावावा. चाक जोरात गरगरत असताना लावल्यास दात तुटतात. कठीण जमीन येताच तो सोडावा.

लॉकरची मर्यादा

लॉकर पकड निर्माण करीत नाही. जमिनीत असलेली पकड तो वापरू देतो. हे सूत्र ध्यानी न ठेवणारा चालक लॉकर बसल्यावर अधिक धाडसी होतो, आणि खरा धोका तेथेच आहे. वाहत्या पाण्यात गाडीचे वजन हलके होते, वजनाबरोबर टायरची पकड जाते, आणि पकडच नसेल तर चारही चाके बांधून काय उपयोग? २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. रुळांवरील अवजड रेल्वेगाडी जेथे थांबली, तेथे जीपने पाण्यात शिरण्यात शौर्य नाही.

यास्तव आमचे सांगणे एवढेच: लॉकर अडचणीतून बाहेर येण्यासाठी घ्यावा, अडचणीत शिरण्यासाठी नव्हे. आपली वाट, आपली धुरा आणि आपला चालक या तिघांना ओळखून जो निवड करील, त्याची जुनी जीप पाड्यावरील रुग्णाला पावसातही दवाखान्यापर्यंत आणील.