कोडमधला पत्ता कोणाचा?

छापखान्यात पानावरची प्रत्येक गोष्ट कोणी ना कोणी वाचतं. मजकूर मुद्रितशोधक वाचतो, जाहिरातदार आपला फोन नंबर तीनदा पडताळतो, आणि स्वागत समितीच्या यादीत आपलं नाव कितव्या ओळीत आलंय हे ज्याचं त्याला लांबूनही दिसतं. क्यूआर कोड तेवढा कोणी वाचत नाही. वाचता येतच नाही. फोन धरला, काहीतरी उघडलं, की "चालतोय" म्हणून प्रूफवर सही होते. सासऱ्यांच्या काळात खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा मुद्राराक्षस अक्षरांत लपायचा. हल्ली तो या काळ्या-पांढऱ्या चौकोनात राहायला गेलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका गावच्या वाचनालयाची शताब्दी स्मरणिका आमच्याकडे छापायला होती. 'क' वर्गातलं, अनुदानावर चालणारं वाचनालय, पण माणसं हौशी. गावातल्या जुन्या वाचकांच्या मुलाखती त्यांनी रेकॉर्ड करून यूट्यूबवर ठेवल्या होत्या. प्रत्येक लेखाखाली एक कोड. लेख वाचायचा आणि कोड स्कॅन करून त्या माणसाचा आवाज ऐकायचा. कल्पना मला फार आवडली होती. कोड त्यांच्याच एका तरुण सभासदानं इंटरनेटवरच्या एका 'मोफत' सेवेवर तयार करून आणले होते. प्रुफाच्या वेळी सगळे चालले. प्रकाशन थाटात झालं, प्रती पुण्या-मुंबईच्या माहेरवाशिणींपर्यंत पोचल्या. महिना उलटला नाही तोच कार्यवाहांचा फोन आला, "वहिनी, छपाईत काहीतरी घोळ झालाय. एकही कोड चालत नाही."

छपाईत घोळ नव्हता. मी स्कॅन केलं तर कोड बिनचूक वाचला जात होता, फक्त मुलाखतीऐवजी इंग्रजी पाटी उघडत होती: हा कोड थांबवला आहे, चालू ठेवायचा असेल तर प्लॅन घ्या. मुलाखती यूट्यूबवर जिथल्या तिथे होत्या. कागदावरचा कोडही शाबूत होता. त्या दोघांच्या मध्ये जी कंपनी बसली होती तिनं वाट अडवली होती. मोफत म्हणजे दोन आठवडे मोफत, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पुढची फी डॉलरमध्ये, वर्षाची एकदम आगाऊ, आणि ती दर वर्षी भरायची. शताब्दीची स्मरणिका लोक कपाटात पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. तोवर दर वर्षी डॉलर कोण भरणार?

हे नीट समजून घ्यायचं तर कोडच्या आत काय असतं ते पाहायला हवं. 1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड तयार केला. पेटंट कंपनीकडे होतं, पण ठरलेल्या मानकाप्रमाणे कोड वापरणाऱ्यांवर हक्क बजावायचा नाही असं तिनं जाहीर केलं. म्हणून आज कोणीही कोड बनवू शकतो आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. चौकोनातले काळे-पांढरे ठिपके म्हणजे निव्वळ मजकूर: एखादा पत्ता, फोन नंबर, वायफायचा पासवर्ड. मजकुराला मुदत नसते. कोडही आपणहून कधी 'संपत' नाही. मग वाचनालयाचे कोड का थांबले? कारण कोड दोन जातींचे असतात, स्टॅटिक आणि डायनॅमिक.

स्टॅटिक कोडमध्ये तुमच्या पानाचा पत्ता जसाच्या तसा असतो. डायनॅमिक कोडमध्ये तुमचा पत्ता नसतोच. तिथे असतो कंपनीचा एक आखूड पत्ता. फोन आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, ती कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारच्या फोनवरून, साधारण कोणत्या भागातून स्कॅन झालं ते टिपून घेते आणि मग तुम्हाला पुढे पाठवते. गाव बदललेल्या माणसाचं पत्र पोस्टमन नव्या पत्त्यावर वळवतो तसं. पोस्टमन भला आहे तोवर ही सोय उत्तम. छापून झाल्यावरही पुढचा पत्ता बदलता येतो, किती लोकांनी स्कॅन केलं ते कळतं. हॉटेलच्या मेनूला, प्रदर्शनातल्या स्टॉलला, दिवाळीतल्या महिनाभराच्या सवलतीला डायनॅमिक कोड अगदी योग्य आहे, आणि त्याची फी हा धंद्याचा वाजवी खर्च आहे. मी त्याच्या विरोधात नाही. विरोध आहे तो फुकट म्हणून गळ्यात मारण्याला, आणि कागद शंभर वर्षांचा नि करार दोन आठवड्यांचा या जोडीला.

बरं, मधला पोस्टमन लहानसा असतो म्हणूनच दगा देतो असंही नाही. गूगलनं स्वतः लिंका आखूड करून देण्याची सेवा चालवली होती. 2019 मध्ये तिथे नव्या लिंका करणं बंद झालं, 2024 मध्ये जुन्याही वर्षभरात बंद करू असं जाहीर झालं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ऐन वेळी वापरातल्या लिंका तेवढ्या राखायचं ठरलं. आखूड लिंक छापलेल्या पुस्तकाच्या प्रकाशकाचा त्या वर्षभरात जीव किती टांगणीला लागला असेल, याची मला कल्पना आहे.

ग्राहक म्हणतात, "मग ताई, स्टॅटिक करून द्या, विषय संपला." संपत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ काढून दुरुस्त करून पुन्हा चढवला की त्याचा पत्ता बदलतो आणि छापलेला स्टॅटिक कोड कायमचा मुका होतो. शिवाय स्वतःचा पत्ताही सुटू शकतो. हाइन्झ या केचपवाल्या कंपनीनं जर्मनीत बाटल्यांवर एका स्पर्धेचा कोड छापला होता. स्पर्धा 2014 मध्ये संपली, तिच्यासाठी घेतलेलं डोमेन कंपनीनं सोडून दिलं, आणि ते भलत्याच कोणी घेतलं. 2015 मध्ये एका गिऱ्हाइकानं घरात उरलेल्या बाटलीवरचा कोड स्कॅन केला तर समोर अश्लील संकेतस्थळ. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. तिथला पत्ता कंपनीचाच होता, फक्त बाटल्या स्वयंपाकघरातून संपायच्या आत तो सोडला गेला.

तेव्हा स्टॅटिक की डायनॅमिक हा प्रश्न मी आता दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न: कोडमध्ये जो पत्ता आहे तो कोणाच्या मालकीचा? याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणं महारेरा या बांधकाम क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणानं सक्तीचं केलं. कोड स्कॅन केला की त्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदवलेली माहिती उघडते. बिल्डरची माहिती बदलेल, मुदतवाढ मिळेल, जाहिरातीचा कागद मात्र जुनाच राहील, आणि तरी वाचकाला ताजी माहिती दिसेल. कारण पत्ता प्राधिकरणाचा आहे आणि बदल त्या पत्त्यावरच्या पानात होतो.

हेच लहान संस्थेला करता येतं. संस्थेच्या नावाचं डोमेन घ्यायचं, साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर वर्षाचा खर्च. त्यावर स्मरणिकेसाठी एक पान करायचं आणि कोडमध्ये फक्त त्या पानाचा पत्ता घालायचा. कोड स्टॅटिक, म्हणून कोणी बंद करू शकत नाही. पान आपलं, म्हणून उद्या यूट्यूबची लिंक बदलली तरी आतून वळवता येते. संकेतस्थळ नसलं तरी डोमेन विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या ते दुसऱ्या पत्त्याकडे वळवून देण्याची सोय देतात. डोमेन संस्थेच्या ईमेलवर नोंदवा, उत्साही सभासदाच्या नाही. तो नोकरीसाठी हैदराबादला जातो, नंबर बदलतो, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

वाचनालयाचं शेवटी असंच केलं. नवे कोड चिकटणाऱ्या कागदावर छापले आणि सभासदांनी उरलेल्या प्रतींवर एकेक करून डकवले, पूर्वी शुद्धिपत्र डकवायचे तसे. ज्या प्रती आधीच लोकांच्या घरी गेल्या होत्या त्या तशाच राहिल्या.

हातात आलेला कोड कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. फोनचं इंटरनेट बंद करा आणि कॅमेऱ्यानं स्कॅन करा. पान उघडणार नाही, पण पत्ता पडद्यावर दिसेल. तो तुमचा, यूट्यूबचा किंवा गूगल मॅप्सचा असेल तर कोड स्टॅटिक आहे. अनोळखी, चार-सहा अक्षरांच्या शेपटीचा पत्ता दिसला तर मध्ये कोणीतरी बसलंय असं समजा आणि त्याचा करार मागा.

लग्नपत्रिकेला एवढं सोवळं नको. मंगल कार्यालयाचा नकाशा देणारा स्टॅटिक कोड पुरेसा आहे, कारण अक्षता पडल्या की त्याचं काम संपलं. मात्र लग्नाचे फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवून त्याचा कोड आभारपत्रावर छापणाऱ्यांनी तो दुसऱ्याच्या फोनवरून तपासावा. फोल्डर 'सर्वांना पाहता येईल' असं केलेलं नसतं, स्वतःच्या फोनवर उघडतं म्हणून कळत नाही, आणि मग मावशीपासून व्याह्यांपर्यंत प्रत्येकाची परवानगीची विनंती नवऱ्या मुलाच्या ईमेलवर येऊन पडते. सोनेरी फॉइलमध्ये कोड हवा असा हट्टही धरू नका. फॉइल चमकते, कॅमेऱ्याला काळं-पांढरं वेगळं दिसत नाही.

यूपीआयच्या कोडची गोष्ट थोडी निराळी. गल्ल्यावर चिकटवलेल्या स्टॅटिक कोडमध्ये यूपीआय आयडी आणि नाव असतं, रक्कम गिऱ्हाईक टाकतं. बिलागणिक मशीनच्या पडद्यावर येणाऱ्या डायनॅमिक कोडमध्ये रक्कम आणि त्या व्यवहाराचा क्रमांकही असतो, त्यामुळे हिशेब जुळवणं सोपं जातं. भाजीवाल्याला पहिला पुरे, गर्दीच्या दुकानाला दुसरा बरा. स्टॅटिकचा धोका म्हणजे त्यावर कोणी आपला कोड चिकटवून जाऊ शकतो. रोज सकाळी दुकान उघडलं की एकदा स्कॅन करून नाव पाहावं. आणि गणेश मंडळांना हात जोडून सांगणं आहे, वर्गणीच्या पावतीपुस्तकावर खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा कोड छापू नका. कार्यकारिणी बदलते, पावतीपुस्तकं उरतात, आणि पुढच्या वर्षीची वर्गणी गेल्या वर्षीच्या खजिनदाराकडे जमा होते. त्यातून जी भांडणं होतात ती आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात.

आता थोडं छपाईचं, कारण पत्ता बरोबर असूनही कोड न चालण्याचे निम्मे प्रकार इथले असतात. पत्ता जितका आखूड तितके ठिपके कमी. चाळीसएक अक्षरांचा पत्ता मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवण्याची ही सोय) 29 बाय 29 घरांत बसतो. दोनशे अक्षरांची लिंक 57 बाय 57 मागते. दोन सेंटिमीटरच्या जागेत दुसऱ्याचं एकेक घर जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर उरतं, आणि साध्या कागदावर शाई पसरली की सगळा काला. आखूड लिंक स्वच्छ छापते हा डायनॅमिकवाल्यांचा दावा खरा आहे, पण आपल्याच डोमेनवरचा आखूड पत्ता तेच काम करतो. कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल द्या. फक्त काळ्या शाईत छापायला सांगा; चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात रंगांची जुळणी (रजिस्ट्रेशन) केसभर हलली तरी कडा धूसर होतात. भोवती चार घरांएवढी कोरी जागा मानकातच सांगितली आहे, डिझायनरला तिथे वेलबुट्टी काढू देऊ नका. मध्ये बोधचिन्ह हवंच असेल तर दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी घ्या. तिच्यात सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो, पण ठिपके वाढतात आणि कोड मोठा छापावा लागतो.

शिवाय प्रत्येक कोडखाली तोच पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत छापा. जागा एका ओळीची लागते, मुद्रितशोधकाला काहीतरी वाचायला मिळतं, आणि कोड नाहीच चालला तर वाचक टाइप करून तरी पोचतो.

आमच्या ऑर्डर फॉर्मवर आता एक रकाना वाढवला आहे: 'कोडमधला पत्ता कोणाच्या नावावर?' तो कोरा असेल तर मी प्लेट काढत नाही.