अरुंधती : एक चांदणी, सहा तारे

सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याला बिलगून असलेली अंधुक चांदणी अरुंधती. लग्नात वधूवरांना ती दाखवितात. आधी ठळक वसिष्ठ, मग त्याच्या आधाराने अरुंधती. स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेणाऱ्या या रीतीलाच 'अरुंधतीन्याय' म्हणतात.

विज्ञानही याच वाटेने गेले. नुसत्या डोळ्यांना दोन तारे दिसतात. सतराव्या शतकात दुर्बिणीतून पाहता वसिष्ठच जुळा निघाला. त्या जोडीतील ठळक ताराही दुहेरी असल्याचे १८८९ साली वर्णपटावरून कळले. १९०८ मध्ये दुसराही तसाच ठरला. २००९ मध्ये अरुंधतीलाही मंद सोबती सापडला. सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर असलेले हे एकूण सहा तारे!

अरुंधती न दिसणारा सहा महिन्यांत मरतो, अशी एक समजूत आहे. माझ्या आजीला ती दिसेनाशी झाली, तेव्हा तिने हायच खाल्ली, जेवण तुटले. डॉक्टरांनी तपासले, तर मोतीबिंदू! अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणून नजर मंदावली की वसिष्ठाच्या आधी तीच हरवते. यात यमाचा संबंध नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तरी अरुंधती मला पुस्तकाने नव्हे, निरक्षर आजीनेच दाखविली. म्हणून जुने सारे टाकून द्यावे, असे मी म्हणणार नाही. पूर्वजांचा न्याय घ्यावा, आणखी सूक्ष्म पाहावे. भीती मात्र तेवढी सोडावी.