रुसलेली मोटारसायकल

नर्मदेच्या दक्षिण तीरावर, सातपुड्याच्या डोंगरउतारावर मणिबेली हे गाव आहे. ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात येते. सरदार सरोवर धरणाचे पाणी महाराष्ट्रात प्रथम याच गावात शिरले. काही कुटुंबे दूरच्या वसाहतीत राहावयास गेली. काहींनी डोंगरावर, अधिक उंचावर पुन्हा घरे बांधली.

या मुलखात पाडे विखुरलेले आहेत. पाण्यावर होडी, चढणीवर पाऊलवाट आणि जेथे चाक चालू शकते तेथे मोटारसायकल, ही येथील दळणवळणाची साधने होत. पावसाळ्यात वाट तुटली, की रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून न्यावे लागते. अशा ठिकाणी मोटारसायकल सुरू न होणे ही किरकोळ अडचण नसते. दुरुस्तीचे दुकान दूर असते आणि तिकडे रुग्ण औषधाची वाट पाहत असतो.

गाडी सुरू होत नाही असे दिसताच अधीर मनुष्य किकवर किक मारीत राहतो. शेवटी तो दमतो आणि गाडी रुसली असे म्हणतो. परंतु यंत्र रुसत नाही. त्याला जे हवे असते, त्यांपैकी काहीतरी मिळालेले नसते, एवढेच. ते काय, हे शोधून काढणे हाच खरा उपाय.

मोटारसायकलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा, दाब आणि ठिणगी. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण नळकांड्यात येते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. दट्ट्या वर सरकून हे मिश्रण दाबतो. मग स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली या तत्त्वावर चालणारे इंजिन यशस्वी केले. १८८५ साली डाइमलर व मायबाख यांनी तसे छोटे इंजिन लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसविले.

शोधाचा आरंभ सोप्या गोष्टींपासून करावा. किल्ली फिरविली आहे काय? इंजिन बंद करण्याची कळ चुकून दाबली गेली नाही ना? पेट्रोलच्या नळाची चावी उघडी आहे काय? टाकीत पेट्रोल आहे काय? बटण दाबल्यावर नुसताच कटकट आवाज येत असेल, तर बॅटरी क्षीण झाली आहे असे समजावे. पुष्कळदा अडचण येथेच सुटते.

एवढ्याने काम झाले नाही, तर जाणता मनुष्य पान्याने स्पार्क प्लग काढून पाहतो. हा लहानसा प्लग इंजिनाच्या आतली हकीकत सांगतो. पुष्कळ किका मारूनही तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल आले, पण पेटले नाही. काळ्या काजळीने माखला असेल, तर मिश्रणात हवा कमी पडत असावी. अशा वेळी हवेची गाळणी धुळीने भरली आहे काय, ते पाहतात. पावसात भिजलेल्या गाडीच्या प्लगची टोपी कोरडी करताच ती सुरू झाल्याचीही उदाहरणे आढळतात.

आता अधीर मनुष्याची चूक ध्यानात येईल. ठिणगी पडत नसताना किक मारली, की प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत ओढले जाते आणि प्लग अधिकच भिजतो. येथे श्रम वाढले, की दोषही वाढतो.

आणखी एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग गाडी सुरू करून पाहावी. प्लग पुसला, गाळणी झटकली आणि पेट्रोलही बदलले, तर गाडी सुरू होईल. परंतु दोष कोठे होता, हे कळणार नाही. तोच दोष उद्या अर्ध्या घाटात उद्भवला, तर मनुष्य पुन्हा तितकाच अजाण ठरेल.

हे काम मोठ्या माणसांनीच करावे. पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते आणि तापलेले इंजिन हात भाजते. मुलांनी मात्र जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहावे. चांगला कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी प्रश्न विचारतो : गाडी केव्हा बंद पडली? आवाज कसा आला? वैद्यही रुग्णाला असेच प्रश्न विचारतो, आणि मगच औषध देतो.

शब्दार्थ
दळणवळण – ये-जा, वाहतूक
दट्ट्या – इंजिनाच्या नळकांड्यात वर-खाली सरकणारा भाग
पथ्य – पाळावयाचा नियम

स्वाध्याय
१. इंजिनाला कोणत्या चार गोष्टी लागतात?
२. स्पार्क प्लगवरून कोणकोणते दोष ओळखता येतात?
३. कारणे द्या : एका वेळी एकच गोष्ट बदलावी.
४. घरातील एखादी वस्तू बंद पडली, तर तिचा दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.