बाळंतपण बायकोचे, तयारी बापाची

गेल्या आठवड्यात पेडगावच्या माझ्या दवाखान्यात एक तरुण शेतकरी बायकोला तपासणीसाठी घेऊन आला. पहिलटकरीण, सातवा महिना. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ओटी भरली की ही माहेरी जाणार. मग माझं काय काम?" मी म्हणालो, "बाबा, खरं काम तुझंच आहे."

बाळंतपणात घात होतो तो बहुधा उशिरामुळे. निघायचे ठरवायला उशीर, गाडी मिळायला उशीर आणि उपचार सुरू व्हायला उशीर. यातील पहिले दोन टाळणे घरच्यांच्याच हातात असते.

बाळंतपण कोठे करायचे व अडचण आल्यास पुढे कोठे न्यायचे, हे आठव्या महिन्यातच ठरवा. सासरवाडीला जाऊन रस्ता स्वतः पाहून या. १०८ व १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक दोन्ही घरी पाठ हवेत. शिवाय गावातील एका जीपवाल्याला सांगून ठेवा. आखाड्यावर राहत असाल तर शेवटच्या पंधरवड्यात गावात मुक्काम हलवा. पावसात काळ्या मातीतून गाडी निघत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झाल्यास दोन तासांतही जीव जाऊ शकतो. म्हणून रक्त देऊ शकतील असे दोन-तीन धडधाकट नातलग आधीच तयार ठेवा. पत्नीचे हिमोग्लोबिन किती, हे नवऱ्याला ठाऊक हवे. ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर धोका मोठा. लोहाची गोळी ती रोज घेते की नाही, हे प्रेमाने विचारा.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास 'सकाळी पाहू' म्हणू नका. तिने नवऱ्याच्या होकाराची वाट पाहू नये, हेही तिला व सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, औषधे व रक्त मोफत आहे. तरी थोडी रोख रक्कम, तपासणीचे कार्ड, आधार कार्ड व स्वच्छ धुतलेले सुती कपडे एका पिशवीत भरून ठेवा.

बाळ जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध पाजावे. मध, गुटी, साखरपाणी काहीही नको. नाळेला तेल-हळद नको. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे बापाने नम्रपणे सांगितले तर वाद होत नाही. वजन कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बाप स्वतःच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ऊब देऊ शकतो. मात्र बिडी-तंबाखू आजच सोडा. बाळाजवळ धूर नको.

त्या तरुणाने जाताना कार्डाच्या मागे चार फोन क्रमांक लिहून घेतले. आपल्या घरी पाळणा हलणार असेल, तर आज रात्री एवढे तरी कराच.