फटींतून निघणारा कागद

गेल्या कार्तिकांत अवकाळी पाऊस आला, तेव्हां आमच्या एका विद्यार्थ्याच्या आरमोरीकडील शेतांत धानाचे पुंजणे उघड्यावर होते. त्याच्या वडिलांनीं त्यांवर नवाच काळा प्लॅस्टिकचा कागद घातला होता. रात्रीच्या वाऱ्यानें तो ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी ठेवून चिरावा तसा फाटला. धान भिजलें, आणि चार दिवसांत लोंब्यांना कोंब फुटले. नाताळच्या सुट्टीपूर्वीं त्या मुलानें कागदाचा एक तुकडा शाळेंत आणून विचारलें, “सर, हा सरळच कां फाटला?” प्रश्न मोठा मार्मिक आहे.

पॉलिथीन हा पदार्थ १९३३ सालीं इंग्लंडांत फॉसेट व गिब्सन ह्या रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं अकल्पितपणें लागला. त्याचे दाणे तापलेल्या नळींत फिरणाऱ्या मळसूत्रानें पुढें रेटले जातात, सुमारें २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापून वितळतात, व साच्यांतून बाहेर पडतात. कुरडया करतांना आपल्या घरीं चीक सोऱ्यांतून दाबतात, तीच ही क्रिया. मात्र चकतीच्या भोकांऐवजीं येथें फट असते. शेतावर घालण्याच्या रुंद कागदासाठीं बहुधा ही फट वर्तुळाकार, बाहेरचें कडें व आंतील गाभा ह्यांच्यामधील असते. तिच्यांतून निघालेली नळी हवेनें फुगवितात, थंड करतात, आणि मग चिरून उलगडतात.

खरी परीक्षा ह्या फटीची. मधासारखा घट्ट द्रव अरुंद फटींतून वाहतो, तेव्हां त्याचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत बदलतो. समजा, फट १ मिलिमीटर आहे आणि गाभा केवळ एक दशांश मिलिमीटर सरकला. एका बाजूस १.१, समोरच्या बाजूस ०.९. त्यांचे घन करून पाहा : १.३३१ व ०.७२९. एका बाजूनें दुसरीच्या पावणेदोनपटीहून अधिक माल निघूं लागला! शिवाय वितळलेलें प्लॅस्टिक जों जों वेगानें सरकतें तों तों पातळ होतें, म्हणून प्रत्यक्षांतील तफावत ह्याहूनही मोठी असते. साच्याभोवतीं फट सारखी करण्याचे स्क्रू असतात, ते ह्याचसाठीं.

सपाट पत्र्याच्या साच्यांत अडचण निराळी. माल मध्यें शिरतो आणि फट दोन्हीं बाजूंस लांबवर पसरलेली. मधला भाग जाड व कडा उपाशी राहावयाच्या. म्हणून साच्याच्या पोटांत कपडे टांगण्याच्या खुंटाळ्याच्या आकाराची पन्हळ कोरतात. ती टोकांकडे निमुळती होत जाते. तिच्यापुढील अरुंद वाट मध्यें लांब आणि कडेला आंखूड ठेवतात. अशा रीतीनें दूरच्या व जवळच्या मालास सारखाच अडथळा होतो. मला तरी ही युक्ति फार सुंदर वाटते.

आतां मुलाच्या तुकड्याकडे वळूं. प्रयोगशाळेंतील स्क्रू गेजनें आम्हीं तो मोजला. फाटलेल्या कडेकडे जाऊं लागतांच जाडी उतरत गेली, आणि ती पातळ पट्टी बरोबर लांबीच्या दिशेनें होती. दोष मळसूत्राच्या अनियमित रेट्याचा असता, तर जाड-पातळ पट्टे आडवे व ठराविक अंतरानें आले असते. लांबीभर एकाच ठिकाणीं रेघ उमटली, तेव्हां संशय साच्याच्या ओठावरच येतो : तेथें ओरखडा असेल, किंवा जळालेल्या मालाचा कण चिकटून त्यानें प्रवाह अडविला असेल. गाभा पायांवर आधारलेला असल्यास त्या पायांमागें पुन्हां जुळलेला मालही तसाच कच्चा सांधा सोडतो. म्हणून हल्लीं गाभ्यावर मळसूत्री पन्हळी कोरण्याची पद्धत रूढ आहे. ओठ पोलादी पात्यानें खरवडीत नाहींत, पितळेच्या पट्टीनें पुसतात, कारण पोलादाचा एक ओरखडा पुढें मैलभर कागदावर उमटेल.

असा कागद घेतांना थोडा उलगडून उन्हासमोर धरावा. लांबीस समांतर फिकी रेघ दिसल्यास तो घेऊं नये. त्या मुलाच्या वडिलांनीं यंदा तसें केलें, आणि पहिली गुंडाळी दुकानदारास परत केली, असें तो सांगतो.